हॉस्पिटलात नोकरी आणि पोस्टानं कविता: पाउलो ब्रुस्कीच्या करिअरबद्दल तुमच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असा तो नाहीये, म्हणून आज रविवार बघून निवांत लिहायला बसलेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही तालुक्याच्या गावी सरकारी ऑफिसात क्लार्क आहात, वय ३१, अक्षरांची चित्रं करता, कविताही करता, आणि पाउलो ब्रुस्की या ब्राझिलियन आर्टिस्ट-कवीबद्दल वाचून तुम्हाला धीर पण आला आणि गोंधळ पण झाला. धीर याचा की हा माणूस हॉस्पिटलात नोकरी करत हे सगळं करत होता. गोंधळ याचा की त्याची माहिती काढायला गेलं तर पोस्ट, झेरॉक्स, पेपरातल्या छोट्या जाहिराती, गळ्यात पाटी अडकवून उभं राहणं, कशाचा कशाला मेळ लागत नाही, मग याला करिअर म्हणायचं तरी कसं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की कवी की चित्रकार हे एकदाचं ठरवून नोकरी सोडू का.

माझं सांगायचं तर मी स्क्रीन प्रिंटिंगवाली. सांगलीत २३ वर्षं लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, कापडी पिशव्या छापते, आणि साधारण तेवढीच वर्षं संध्याकाळी शटर अर्धं ओढून घेतलं की त्याच टेबलावर माझ्या अक्षरकविता छापते आणि पोस्टानं लोकांना पाठवते. ब्राझीलला मी गेलेले नाही. पोर्तुगीज डिक्शनरी शेजारी ठेवून वाचण्याइतपत येतं, तेही याच माणसामुळे शिकले. तेव्हा जे सांगतेय ते कलेच्या प्राध्यापकाचं बोलणं म्हणून घेऊ नका, त्याच वाटेनं थोडं चाललेल्या बाईचं समजा.

मला तुमचा प्रश्न वाचताना असं जाणवलं की नोकरीचा मुद्दा वर दिसतोय पण आत अडकलंय ते वेगळंच आहे. तुम्ही जे करताय ते कुणाच्या हातात जातं, कुठल्या रस्त्यानं जातं, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाहीये. गॅलरी नाही, प्रकाशक नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय आपण सुरूच केलेलं नाही. ब्रुस्कीकडे पण हे दोन्ही नव्हतं, निदान सुरुवातीची बरीच वर्षं. त्यानं काय केलं तर आजूबाजूला जी जी यंत्रणा आधीपासून चालू होती, म्हणजे पोस्ट, पेपर, झेरॉक्सचं मशीन, हॉस्पिटलची उपकरणं, रस्ता, ती प्रत्येक त्यानं कागदासारखी वापरली. हे एकदा डोक्यात बसलं की त्याचा तो विस्कळीत वाटणारा बायोडेटा एकदम सरळ दिसायला लागतो.

आता तो कुठला ते बघा, कारण जागेला इथे फार महत्त्व आहे. ब्रुस्कीचा जन्म १९४९ चा, रेसिफे शहरातला. रेसिफे म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येला, पेर्नाम्बुको राज्याची राजधानी, समुद्राकाठी, कापिबारिबी नदीच्या मुखाशी, पुलांचं गाव. वडील फोटोग्राफर होते. कलेचा बाजार, मोठी म्युझियम, मोठे पेपर हे सगळं साओ पाउलो आणि रिओत, आणि साओ पाउलो रेसिफेपासून दोन हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे केंद्रापासून लांब असण्याची जी तक्रार तुम्ही केलीय ती त्याला पुरेपूर लागू होती.

कवितेच्या बाजूनं बघितलं तर तिकडे वातावरण आधीच तापलेलं होतं. साओ पाउलोत ऑगुस्तो आणि हारोल्दो दे काम्पोस हे भाऊ आणि देसिओ पिन्यातारी यांनी १९५० च्या दशकात काँक्रीट पोएट्री उभी केली, शब्द पानावर कसा बसतो, कुठे तुटतो, किती मोठा दिसतो हाच अर्थाचा भाग, असं ते काम. १९५६ च्या डिसेंबरात साओ पाउलोच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये चित्रं आणि कविता एकाच प्रदर्शनात भिंतीवर लागल्या. मग १९६७ मध्ये पोएमा-प्रोसेसो (म्हणजे 'कविता-प्रक्रिया') नावाची चळवळ एकदम दोन ठिकाणी सुरू झाली, रिओत आणि नातालला, आणि नाताल हे ईशान्येतलंच शहर, रेसिफेहून फार लांब नाही. व्लादेमिर दियास-पिनो, मोआसी सिर्ने, आल्वारो दे सा, नेइदे सा ही मंडळी त्यात होती. त्यांनी तर शब्दच काढून टाकले तरी कविता उरते का, इथपर्यंत मजल मारली. ब्रुस्की या हवेत विशीत आलेला माणूस आहे. त्यामुळे कवी की चित्रकार हा प्रश्न त्याच्या पिढीला तुमच्या-माझ्याइतका छळत नव्हता, तो त्यांच्या आधीच्यांनी बराचसा सोडवून ठेवला होता.

दुसरी गोष्ट राजकारणाची, ती सोडून त्याचं काहीच कळणार नाही. १९६४ पासून १९८५ पर्यंत ब्राझीलमध्ये लष्करी राजवट. १९६८ च्या डिसेंबरात एक फर्मान निघालं, संस्थात्मक कायदा क्रमांक ५, त्यानंतर सेन्सॉरशिप आणि धरपकड फार वाढली. अशा काळात प्रदर्शन लावायचं तर आधी कुणीतरी बघणार, नको ते काढायला लावणार. पाकीट मात्र पेटीत टाकलं की गेलं.

आता हॉस्पिटल. रेसिफेमधल्या सरकारी हॉस्पिटलात तो नोकरीला होता. तिथे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारं इइजीचं यंत्र असतं हे तुम्हाला माहीत असेल. डोक्याला वायरी लावायच्या, कागदाची लांब पट्टी सरकत राहते आणि बारीक पेनं त्यावर थरथरत रेषा काढत जातात, एकाखाली एक, समांतर. डॉक्टर त्या रेषेत आजार शोधतो. ब्रुस्कीनं स्वतःच्या डोक्याला वायरी लावून घेतल्या, ती पट्टी घेतली आणि तिला नाव दिलं, "माझा मेंदू असं चित्र काढतो". बस. हात लागलेला नाही, पेन्सिल नाही, रंग नाही, आणि तरी ते त्याच्या हातापेक्षा जास्त त्याचं चित्र आहे. मी हे पहिल्यांदा कॅटलॉगमध्ये बघितलं तेव्हा कितीतरी वेळ त्या रेषा बोटानं वाचत बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्या चित्राचं निम्मं काम ते एक वाक्य करतंय. नाव काढून टाका, मेडिकल रिपोर्ट उरतो. रेषा काढून टाका, नुसतं वाक्य उरतं. दोन्ही एकत्र आले की कविता होते. तुम्ही विचारता ना तो कवी कसा, तर असा.

पोस्टाकडे वळते, कारण माझं स्वतःचं काम तिथलं आहे. १९७३ च्या सुमारास तो मेल आर्टच्या जाळ्यात आला. मेल आर्ट म्हणजे कलाकार एकमेकांना पोस्टानं काम पाठवतात, पोस्टकार्ड, पाकीट, रबर स्टॅम्प, चिकटवलेले कागद, काहीही. यात काही रिवाज आहेत जे जगभर पाळले जातात: प्रदर्शन मांडलं तर आलेलं सगळं लावायचं, निवड करायची नाही, फी घ्यायची नाही, काम परत पाठवायचं नाही आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला यादी किंवा कॅटलॉग पाठवायचा. ऐकायला साधं वाटतं पण याचा अर्थ असा की रेसिफेतला माणूस पूर्व युरोपातल्या, जपानमधल्या, न्यूयॉर्कमधल्या माणसाच्या शेजारी त्याच मापानं उभा राहतो, मधे कुणी दरवान नाही. फ्लक्सस नावाच्या, देशोदेशीच्या प्रयोगशील कलाकारांच्या गटातले लोक, जपानच्या गुताई या तशाच कलाकारगटातले लोक, यांच्याशी त्याची पत्रापत्री या रस्त्यानं झाली.

१९७५ मध्ये त्यानं इपिरांगा फिल्यो या कलाकाराबरोबर रेसिफेत पहिलं आंतरराष्ट्रीय पोस्टकला प्रदर्शन मांडलं आणि कुठे मांडलं, तर हॉस्पिटलात. दुसरं १९७६ मध्ये, दानिएल सांतियागो या साथीदाराबरोबर, रेसिफेच्या पोस्टाच्या इमारतीत. पोस्टानं आलेली कला पोस्टातच. उद्घाटन झालं आणि लगेच पोलिसांनी ते बंद पाडलं, कामं जप्त केली, ब्रुस्की आणि सांतियागो दोघांना आत टाकलं. कामं सुटली तेव्हा त्यातली काही खराब झालेली होती. पुढच्याच वर्षी शेजारच्या उरुग्वेत क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबायो या दोघांना याच प्रकारच्या कामासाठी तुरुंगात जावं लागलं. तेव्हा पोस्टकार्डावर चार शिक्के मारणं ही तिथे गंमत नव्हती, हे लक्षात ठेवून त्याचं काम बघा. आणि इतकं होऊनही त्यानं पाठवणं थांबवलं नाही, हे मला त्याच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

इथे माझ्या अनुभवातलं सांगते. पहिली तीन-चार वर्षं मी पाकिटाच्या आत चांगलं छापलेलं काम घालायची आणि बाहेर नुसता पत्ता. ब्रुस्कीची पाकिटं बघितल्यावर कळलं की पाकीट हेच पान आहे. पत्ता, तिकीट, पोस्टाचा गोल शिक्का, "पत्ता अपूर्ण" असा मारलेला शेरा, हे सगळं त्या कवितेत येऊन बसतं आणि त्यातलं निम्मं तुमच्या हातात नसतं. एकदा माझं कार्ड नागपूरहून परत आलं, त्यावर पोस्टमननं निळ्या पेनानं लिहिलं होतं "या नावाचे कोणी नाही". कार्डावर मी छापलेला शब्द होता "मी". ते कार्ड माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात चांगलं आहे आणि त्याचा शेवट मी लिहिलेलाच नाही.

पेपरातल्या जाहिरातींचं पण असंच. ब्रुस्की आणि सांतियागो यांनी १९७० च्या दशकात पेपरात छोटी जाहिरात दिली, की रात्रीच्या आकाशात कृत्रिम रंगीत ध्रुवीय प्रकाश दाखवायचा आहे, प्रायोजक पाहिजे. विचार करा, रेसिफे विषुववृत्ताजवळचं गाव, तिथे असला प्रकाश आकाशात कधी दिसणारच नाही. आणि ही मागणी कुठे छापून येते, तर पेपरात बाकीच्या जाहिराती असतात त्यांच्यात, त्याच बारीक टायपात, त्याच कोरड्या भाषेत. पुढे १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकात पण त्यानं ही जाहिरात दिली. स्वप्नांचं चित्रीकरण करणाऱ्या यंत्राची पण एक जाहिरात त्याच्या नावावर आहे. मला यात आवडतं ते असं की तो पेपरला कवितेचं पान मागायला गेला नाही, जाहिरात खात्यात पैसे भरले आणि जागा घेतली. संपादकाच्या होकाराची वाट बघायची गरजच ठेवली नाही.

रस्त्यावरची कामं मी भराभर सांगते कारण ती फोटोतून लगेच कळतात. १९७३ मध्ये त्यानं रेसिफेच्या बोआ व्हिस्ता पुलावर आडवी फीत बांधली आणि गाड्या थांबल्या, नुसत्या फितीपाशी. कामाचं नाव "आर्ते / पारे". आर्ते म्हणजे कला, आणि पारे म्हणजे थांबा, ब्राझीलमध्ये रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर हाच शब्द असतो. दोन शब्दांची, नाद जुळणारी कविता आणि ती वाचायला अख्खा पूल थांबलेला. मग १९७८ चं ते पाटीचं काम, जे तुम्ही बघितलंय. गळ्यात पाटी, त्यावर "कला म्हणजे काय? ती कशासाठी असते?" आणि तो पुस्तकाच्या दुकानाच्या शोकेसमध्ये उभा, जिथे एरवी विकायची पुस्तकं मांडतात, आणि नंतर तसाच शहरात फिरला. तुम्ही लिहिलंय की यात कविता कुठे आहे ते कळलं नाही. त्या फोटोत काचेच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघा, तो स्वतः पुस्तकाच्या जागी उभा आहे, पाटी म्हणजे कव्हर, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस क्षणभर वाचक होतो. प्रश्न दोन ओळींचा, उत्तर छापलेलं नाही.

झेरॉक्सबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण तुमच्या ऑफिसात झेरॉक्स मशीन आहे आणि तुम्हाला हे सगळ्यात लवकर हाताशी येईल. १९८० मध्ये त्यानं "झेरोपरफॉर्मन्स" केलं. मशीनच्या काचेवर चेहरा, हात, अंग टेकवत, हलत, एकापाठोपाठ एक कॉप्या काढल्या आणि मग त्या कॉप्या कॅमेऱ्यानं एकेक करून शूट केल्या, म्हणजे कागदाच्या गठ्ठ्याची फिल्म झाली. मशीनचा प्रकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकतो, तेवढ्या वेळात तुम्ही हललात तर प्रतिमा ताणली जाते. मी हे अक्षरांवर करून बघितलंय. "ओढ" हा शब्द जाड ठशात छापून काचेवर पालथा ठेवायचा आणि प्रकाश सरकतो त्याच दिशेनं कागद हळूच ओढायचा, शब्द लांबत जातो, ढ चं पोट चिरून निघतं. जुन्या मशीनवर हे छान होतं, आणि ज्या नव्या मशीनमध्ये स्कॅन फार झटपट होतो तिथे हात भराभर चालवावा लागतो. पहिल्या वीसेक कॉप्या वाया जातील, जाऊ द्या.

त्याच काळात बाहेरून दखल घ्यायला सुरुवात झाली. १९८१ मध्ये त्याला गुगेनहाइम फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली, त्यावर तो न्यूयॉर्कला जाऊन राहिला. त्याच वर्षी साओ पाउलो बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, वॉल्टर झानिनी मुख्य क्युरेटर असताना, पोस्टकलेचा स्वतंत्र विभाग ठेवला होता, त्यात तो होता. आणि त्याच वर्षी रेसिफेत त्यानं सांतियागोबरोबर होर्डिंगवरचं प्रदर्शन मांडलं, शहरातले जाहिरातीचे फलक कलाकारांच्या कामासाठी. म्हणजे जाहिरातीची बारीक जागा आधी घेतली आणि नंतर सगळ्यात मोठी.

इथपर्यंतचं एकदा धागा जुळवून बघा: हॉस्पिटलचं यंत्र, पोस्टाची इमारत, पेपरचं पान, पूल, दुकानाची काच, झेरॉक्स, होर्डिंग. प्रत्येक ठिकाणी आधीच माणसं येत होती. त्यानं माणसांना कलेकडे बोलावलं नाही, जिथे माणसं होती तिथे काम नेऊन ठेवलं. तुम्हाला जो बायोडेटा कशाचा कशाला मेळ नसलेला वाटला त्यातली ही एक ओळ सलग आहे.

आता वेळेचा हिशोब, कारण ३१ व्या वर्षी तुम्हाला उशीर झालाय असं वाटतंय. १९८१ नंतर जगभर नाव दुमदुमलं असं काही झालं नाही. मोठा टप्पा आला तो २००४ मध्ये, साओ पाउलो बिएनालेनं त्याचा रेसिफेचा सगळा स्टुडिओच उचलून नेऊन प्रदर्शनात मांडला, पुस्तकं, फायली, खोकी, पाकिटं, सगळ्या पसाऱ्यासकट. तेव्हा त्याचं वय ५५. मग २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स म्युझियममध्ये एकट्याचं प्रदर्शन, "कला ही आपली शेवटची आशा" अशा नावाचं, आणि २०१७ मध्ये व्हेनिस बिएनाले, वय ६८. साओ पाउलोची मोठी गॅलरी आज त्याचं काम दाखवते. पण हे सगळं शक्य झालं कशामुळे, तर त्यानं सांभाळून ठेवलं म्हणून. त्याच्या संग्रहात सत्तर हजारांच्या आसपास वस्तू आहेत असं सांगितलं जातं, त्यात स्वतःचं काम तर आहेच पण जगभरातून आलेली पत्रं, कार्डं, मासिकं, फ्लक्सस आणि गुताईचे कागद पण आहेत. पोस्टानं पाठवलेल्या कलेला बाजारात भाव नव्हता तेव्हा हा माणूस ती फायलीत लावत होता. पुढे इतिहास लिहायला बसलेल्या लोकांना त्याच्या दारात जावंच लागलं.

सांभाळण्याबद्दल मी इतकं जीव तोडून का सांगतेय ते ऐका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा माझं दुकान तळमजल्यावर होतं. लोकांकडून आलेली चौदा वर्षांची कार्डं पाच खोक्यांत, खालच्या फळीवर. पाणी येणार येणार म्हणत होते, मी फ्रेम आणि शाईचे डबे वर उचलले, पत्रिकांचे कागद उचलले कारण ते गिऱ्हाइकाचे होते, आणि खोक्यांकडे येईपर्यंत उशीर झाला. पाणी ओसरल्यावर त्या खोक्यांत लगदा होता, एक कार्ड सुटं होत नव्हतं. मी तिथेच चिखलात बसून रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण नंतर एक गोष्ट झाली. मी ज्यांना ज्यांना कामं पाठवली होती त्यांना कळवलं, आणि बडोद्याहून, कोचीहून, इटलीतून, लोकांनी माझीच जुनी कार्डं फोटो काढून पाठवली, काहींनी तर मूळ कार्डच परत पाठवलं. मी स्वतःचं जे ठेवलं होतं ते गेलं आणि जे देऊन टाकलं होतं ते वाचलं. मेल आर्टमधलं हे सगळ्यात मोठं शहाणपण मला पुरानं शिकवलं. तेव्हा दोन्ही करा, पाठवा पण आणि नोंद पण ठेवा. साधी वही घ्या, काय पाठवलं, कुणाला, कधी, आणि दोन्ही बाजूंचा फोटो. खोकी वरच्या फळीवर ठेवा.

कवी की चित्रकार या प्रश्नाला माझं उत्तर असं की तो ठरवायची गरज फॉर्म भरताना पडते, काम करताना पडत नाही. तुम्ही अक्षर लिहिता तेव्हा ते दिसतं पण आणि वाचलं पण जातं. आपल्याकडे पण हे झालेलं आहे, र. कृ. जोशी मराठीत काँक्रीट कविता करत होते, तेच सुलेखनकार, तेच टाइप डिझायनर, आणि तुम्ही ऑफिसात रोज ज्या मंगल फॉन्टात टाइप करता तो त्यांनीच केलेला. म्हणजे तुमच्या प्रत्येक टिपणीवर एका कवीचा हात आधीपासून आहे.

नोकरीचं. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी तुमच्या घरचं काही जाणत नाही, म्हणून छातीठोक काही सांगणार नाही. तुमचं काम मोठ्या मापाचं असतं, दिवसाचा उजेड लागणारं असतं, भट्टी किंवा मोठी जागा लागणारं असतं, तर उत्तर वेगळं दिलं असतं. नोकरी तब्येत खात असेल, घरी आल्यावर पेन उचलायची ताकद उरत नसेल, तरी वेगळं दिलं असतं. पण तुमचं काम कागदाचं, हाताच्या पंजाएवढं, रात्री जेवणानंतर होणारं आहे, आणि अशा कामाला पगार हा फार मोठा आधार आहे. पगार असला की विकायची घाई नसते आणि जे विकलं जात नाही तेच करून बघायची मुभा मिळते. ब्रुस्कीला जाहिरातीचे पैसे भरायला, तिकिटं घ्यायला कुणाकडे हात पसरावा लागला नाही तो नोकरीमुळे, असं मला वाटतं. मी पण लग्नपत्रिकांवर जगते, म्हणून अक्षरकविता मला हव्या तशा छापता येतात. एक काळजी घ्या, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यात कर्मचाऱ्याला अधूनमधून साहित्यिक किंवा कलात्मक काम करायला मोकळीक आहे पण नोकरीच्या कामात खोट येता कामा नये, आणि शासनावर जाहीर टीकेबद्दल वेगळी बंधनं आहेत. कुठलंही काम बाहेर दाखवण्याआधी आस्थापना शाखेतल्या जुन्या माणसाला शांतपणे विचारून घ्या.

शेवटी तुम्ही जे काम जोडलंय त्याबद्दल, कारण मला त्याबद्दल बोलायचंय आणि मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. फाइलच्या कव्हरवर "प्रलंबित" हा एकच शब्द, आणि शिरोरेषा शेवटच्या अक्षरानंतर थांबतच नाही, पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत जाते, कडेवरून वळून मागच्या बाजूला जाते आणि नाडीच्या भोकात शिरते. हे फार चांगलं झालंय. शब्दातच लंब आहे आणि तुम्ही तो डोळ्यांना दाखवलाय, एकही जादा शब्द न लिहिता. त्यावरचा अनुस्वार तुम्ही लाल केलाय तो मात्र काढा, तो शाळेच्या सजावटीसारखा दिसतो, रेष एकटी पुरेशी आहे. आणि ते माउंट करून काचेत घालू नका. फ्रेम केली की त्याची मागची बाजू मेली, जिथे खरी गोष्ट घडतेय.

त्याऐवजी तेच पोस्टकार्डाच्या मापात करा. कार्ड पोस्टात स्वस्तात मिळतं. रेष पत्त्याच्या बाजूला वळू द्या आणि पत्त्याच्या ओळीखालून जाऊ द्या, पोस्टाचा शिक्का कुठे पडतो ते बघू. ऑफिसचा गोल शिक्का, आवक-जावकचा शिक्का चुकूनही वापरायचा नाही, कितीही मोह झाला तरी, आणि जुन्या फायलींचे कागद घ्यायचे नाहीत, त्यावर लोकांची नावं असतात. शिक्का हवाच असेल तर गावात रबर स्टॅम्प करून देणारा असेलच, त्याच्याकडून स्वतःच्या अक्षरातला बनवून घ्या. वीस कार्डं करा, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर आणि तारीख टाका, वहीत नोंद करा आणि एकाच दिवशी वीस जणांना टाका. माझा पत्ता मी तुम्हाला मेसेज करते, त्यातलं एक मला पाठवा. पाकिटात घालू नका, उघडंच येऊ द्या.